पॅन्क्रियाटायटिसचा सीटी स्कॅन: लगेच का नाही केला आणि रिपोर्टमध्ये काय होतं

पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज, आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग सीटी कधी करताय. आमच्याकडे पण तेच झालं आणि त्यावरून दवाखान्याच्या जिन्यात चांगलाच वाद झाला, म्हणून म्हणलं हे एकदा सविस्तर लिहून काढावं, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. मी स्वतः पेशंट होतो. वय ४६, राहणार बार्शी, खत-बियाण्याचं दुकान आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मला सोलापूरच्या पोटविकार डॉक्टरांनी आणि रेडिओलॉजिस्ट मॅडमनी जसं समजावलं तसं, आणि नंतर फॉलोअपला जाऊन जाऊन मी जे विचारून पक्कं करून घेतलं ते.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर तासाभरात छातीच्या खाली, दोन्ही बरगड्या मिळतात तिथं दुखायला लागलं आणि बघता बघता ते पाठीत आरपार गेलं. उताणं झोपलं की वाढायचं, पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसलं की थोडं कमी. उलट्या थांबेनात. रात्री दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन झालं, हार्टचं असेल म्हणून ईसीजी काढला तो नॉर्मल. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला एक पाचक रस, बघितलं, नॉर्मलची वरची मर्यादा ६० च्या आसपास होती आणि माझं १८०० च्या वर. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले पण स्वादुपिंड काही दिसलं नाही, आतड्यात गॅस भरला की ते पाठीमागं झाकून जातं म्हणे. गुरुवारी दुपारी सोलापूरला हलवलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. कॅज्युअल्टीत, वॉर्डात, आयसीयूत, प्रत्येक ठिकाणी मला विचारलं दारू किती घेता. गळ्यात माळ आहे, दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. डॉक्टरांनी विचारलं त्याचं मला काही वाटलं नाही, दारू आणि पित्ताशयाचे खडे ही या आजाराची दोन सगळ्यात मोठी कारणं आहेत, त्यांना विचारावंच लागतं. पण भेटायला आलेल्या लोकांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारायचं ते फार लागलं. खडे असतात, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी हजाराच्या वर गेलेली असते, काही औषधांनी होतं, आणि कधीकधी कारण सापडत पण नाही. ज्याचं दारूमुळे झालंय त्याला पण तेवढंच दुखतं. पेशंटच्या घरच्यांना हे विचारणं लोकांनी बंद करावं.

आता सीटीचं. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून दाजी आले. त्यांचं म्हणणं एकच, एवढं मोठं हॉस्पिटल, खाली मशीन आहे, पैसे भरायला आम्ही तयार आहोत, मग लगेच सीटी काढून आत काय झालंय ते बघत का नाही. थोरल्या भावाला पण ते पटलं. डॉक्टर राउंडला आल्यावर दोघांनी त्यांना घेरलंच. डॉक्टर चिडले नाहीत, जिन्यातच उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बोलले, मला हे भावाकडून कळलं आणि नंतर मी स्वतः पण त्यांच्याकडून ऐकलं.

ते म्हणाले की निदान करायला तीन गोष्टींपैकी दोन लागतात, एक तसलं ठरावीक दुखणं, दोन लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या तिप्पट किंवा जास्त, तीन सीटी-एमआरआय-सोनोग्राफीत दिसणं. तुमच्या पेशंटच्या पहिल्या दोन पक्क्या आहेत, म्हणजे निदान झालेलं आहे, त्यासाठी सीटीची गरजच नाही. निदानाबद्दल शंका असती, म्हणजे अल्सर फुटलाय का, आतड्याचा रक्तपुरवठा बंद झालाय का असं वाटत असतं, तर आज रात्री सीटी केला असता. राहिला प्रश्न आजार किती जोराचा आहे याचा, तर ते आज सीटीत दिसणार नाही. स्वादुपिंडाचा काही भाग मरतो त्याला नेक्रोसिस म्हणतात, आणि तो मेलेला भाग सीटीत स्पष्ट वेगळा दिसायला वेळ लागतो, दुखायला लागल्यापासून ७२ ते ९६ तास गेले की खरं चित्र कळतं. पहिल्या दिवशी काढलेल्या सीटीत नुसती सूज दिसते, रिपोर्ट येतो सौम्य म्हणून, घरचे निश्चिंत होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट खालावतो. आणि तिसरी गोष्ट, आज सीटीत काहीही दिसलं तरी आजची ट्रीटमेंट तीच राहणार, सलाईन, दुखण्याचं औषध, ऑक्सिजन लागला तर ऑक्सिजन, आणि बारीक लक्ष.

दाजींना ते पूर्ण पटलं नाही पण गप्प बसले. मला मात्र त्या डॉक्टरांचं आजही कौतुक वाटतं, कारण नातेवाईक हट्ट करतायत, पैसे भरतायत, म्हटल्यावर सीटी लिहून देणं सगळ्यात सोपं होतं.

मग सीटी नाही तर तीन दिवस बघत काय होते? हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दर तासाला लघवी मोजत होते, माझं वजन ७२, म्हणजे तासाला निदान ३५ मिली तरी व्हायला पाहिजे असा हिशोब, बायको वहीत तास आणि आकडा लिहायची, सिस्टरनी तिला बॅगेवरच्या रेषा वाचायला शिकवलं होतं. नाडी, बीपी, श्वास मिनिटाला किती, ताप, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप. रक्तात युरिया, क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चाललीय ते, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्त घट्ट होतंय का ते. बिसॅप नावाचा एक पाच मार्कांचा हिशोब असतो, युरिया वाढलाय का, पेशंट भानावर आहे का, नाडी-श्वास-ताप-पांढऱ्या पेशी बिघडल्यात का, वय ६० च्या वर आहे का, फुप्फुसाच्या बाहेर पाणी झालंय का, प्रत्येकाला एक मार्क, आणि जेवढे मार्क जास्त तेवढा धोका जास्त. यातल्या कशालाच सीटी लागत नाही. माझे दोन मार्क होते, नाडी-श्वासाचा एक आणि एक्सरेत डाव्या बाजूला थोडं पाणी दिसलं त्याचा एक. शुक्रवारी रात्री ऑक्सिजन नव्वदच्या खाली यायला लागला, नाकाला नळी लावली, शनिवारी संध्याकाळपर्यंत ती निघाली. सलाईन पण धो धो लावलं नाही, पूर्वी खूप लावायचे, आता २०२२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानंतर मोजून मापून देतात, जास्त दिल्यानं फायदा न होता अंगात पाणी साचतं असं त्यात दिसलं.

शुक्रवारी रात्री, म्हणजे ४८ तास झाल्यावर, सीआरपी केला, अंगात सूज किती आहे ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. १५० च्या वर गेला की आजार जोरात असण्याची शक्यता धरतात, माझा २१० आला. ताप १०१ च्या आसपास, नाडी ११० च्या खाली यायला तयार नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले आता रविवारी सकाळी सीटी करू, आता तो काहीतरी सांगेल.

सीटीच्या आधी क्रिएटिनिन परत बघितलं, ते ठीक होतं. शिरेतून जे औषध सोडतात त्यात आयोडिन असतं, ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी बिघडलेली असली तर विचार करून देतात. दमा आहे का, पूर्वी असं औषध दिल्यावर कधी अंगावर पित्त उठलं का, थायरॉइडचा त्रास आहे का, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का, हे सगळं विचारून फॉर्मवर लिहून सही घेतली. कोपरापाशी जाड सुई लावली, हिरवी, कारण ते औषध मशीननं जोरात ढकलतात, हातावरच्या बारीक सुईतून जात नाही.

आणि आता जे कुणी आधी सांगत नाही ते. या आजारात उताणं झोपणं हीच सगळ्यात मोठी शिक्षा, आणि सीटीत उताणंच झोपावं लागतं, दोन्ही हात डोक्याच्या वर करून. चार दिवस मी बसून किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन काढले होते. खाली न्यायच्या आधी अर्धा तास सिस्टरनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं ते बरं झालं, ज्यांचा पेशंट सीटीला जाणार आहे त्यांनी हे आठवणीनं मागून घ्या, वॉर्डातून निघायच्या आधी, टेबलावर गेल्यावर नाही. टेक्निशियन पोरगा चांगला होता, म्हणाला मालक, गुडघ्याखाली उशी देतो, आणि खरंच त्यानं पाठीचा ताण कमी झाला. मशीनमधून हिंदीत आवाज येतो, सांस अंदर लीजिए, रोकिए. पोट एवढं फुगलेलं की पूर्ण श्वास घेताच येत नव्हता. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की मोठा श्वास नको, जमेल तेवढाच घ्या पण तेवढा वेळ हलू नका, हललं की फोटो फिसकटतो. आधी औषध न देता एकदा टेबल आतबाहेर झालं. मग औषध सोडलं, घशात गरम, मग छातीत, मग ओटीपोटात एकदम गरम गरम, तोंडात लोखंडासारखी चव, आणि लघवी झाली असं वाटतं, होत नाही. अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढं पहिला फोटो, म्हणजे स्वादुपिंडात औषध भरलेलं असतं तेव्हा, आणि सत्तर सेकंदांच्या आसपास दुसरा, तेव्हा लिव्हर आणि शिरा चांगल्या दिसतात. प्रत्यक्ष फोटो काढायला काही सेकंदच जातात, वेळ सगळा झोपवण्यात, हात वर करण्यात आणि नळ्या सांभाळण्यात जातो.

रिपोर्ट दुपारी आला. बायकोनं आणि भावानं तो वाचला, खालची ओळ होती मॉडिफाइड सीटी सिव्हिरिटी इंडेक्स ८/१०, सिव्हिअर, म्हणजे गंभीर. त्या दोघांचं काय झालं असेल ते मी सांगायला नको. दहापैकी आठ, आणि पुढं सिव्हिअर. दाजींनी लगेच पुण्याला हलवायची तयारी सुरू केली, ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन झाला.

भाऊ सरळ रेडिओलॉजी विभागात गेला आणि मॅडमना म्हणाला आम्हाला पाच मिनिटं द्या. त्यांनी त्याला आणि बायकोला आत बसवून स्क्रीनवर दाखवलं. हेच पुढं फॉलोअपला गेल्यावर मी पण बघितलं, म्हणून नीट सांगू शकतो. स्वादुपिंड पोटाच्या मागच्या बाजूला आडवं असतं, डोकं उजवीकडं आतड्याच्या वळणात आणि शेपूट डावीकडं प्लीहेपर्यंत. औषध सोडलं की चांगला भाग पांढरट उजळतो. शेताला पाणी सोडल्यावर वाफे भिजत जातात आणि जिथं पाणी पोचलं नाही तो वाफा लांबून पण कोरडा ओळखू येतो, तसंच ते दिसत होतं, शेपटीकडचा एक भाग करडाच राहिलेला. मॅडम म्हणाल्या हे आम्ही डोळ्यावर सोडत नाही, मोजतो. हाउन्सफिल्ड नावाचं एकक असतं, औषध न देता स्वादुपिंड ४०-५० असतं, औषध दिल्यावर चांगलं स्वादुपिंड १०० ते १५० पर्यंत जातं, आणि हा भाग ३० च्या पण खाली राहिलाय, म्हणजे तिथं रक्त जात नाही. असा भाग सगळ्या स्वादुपिंडाच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी आहे. जठराच्या मागं एक आणि डाव्या किडनीच्या पुढं एक अशा दोन ठिकाणी पाणी आणि मेलेली चरबी साचलीय. डाव्या फुप्फुसाच्या खाली थोडं पाणी. प्लीहेची शीर उघडी आहे, तिच्यात गुठळी नाही. साचलेल्या जागेत हवेचे बुडबुडे नाहीत, म्हणजे इन्फेक्शन झाल्याची खूण नाही. पित्तनळी फुगलेली नाही, म्हणजे खडा तिथं अडकून बसलेला दिसत नाही.

मग भावानं विचारलं, आठ म्हणजे काय. मॅडमनी कागदावर बेरीज करून दाखवली, तो कागद अजून माझ्याकडे आहे. बाहेर पाणी साचलंय त्याचे ४, मेलेला भाग तीस टक्क्यांच्या आत त्याचे २, आणि स्वादुपिंडाबाहेर काही बिघाड, माझ्या केसमध्ये फुप्फुसाचं पाणी, त्याचे २. झाले ८. यात ८ ते १० सिव्हिअर, ४ ते ६ मॉडरेट म्हणजे मध्यम, ० ते २ माइल्ड म्हणजे सौम्य. ही पद्धत २००४ ची. तिच्या आधीची जुनी पद्धत न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट एमिल बाल्थझार यांची, त्यांनी १९८५ मध्ये ए पासून ई पर्यंत पायऱ्या केल्या, ए म्हणजे नॉर्मल, बी म्हणजे स्वादुपिंड सुजलेलं, सी म्हणजे आजूबाजूची चरबी पण सुजलेली, डी म्हणजे एका ठिकाणी पाणी, ई म्हणजे दोन किंवा जास्त ठिकाणी पाणी किंवा आत हवा. नंतर १९९० मध्ये त्यात मेलेल्या भागाचे मार्क मिळवले. त्या हिशोबानं माझे ई चे ४ आणि तीस टक्क्यांच्या आतल्या नेक्रोसिसचे २, एकूण ६. आणि त्या पद्धतीत ४ ते ६ म्हणजे मॉडरेट, ७ आणि त्याच्या पुढं सिव्हिअर.

म्हणजे बघा, तोच पेशंट, तोच सीटी, एका पद्धतीनं मॉडरेट आणि एका पद्धतीनं सिव्हिअर. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. संध्याकाळी पोटविकार डॉक्टर आले, ते म्हणाले मी तर यांना तिसऱ्याच पद्धतीनं मोजतो. अटलांटा म्हणून वर्गवारी आहे, अमेरिकेत अटलांटा शहरात १९९२ साली ठरलेली आणि २०१२ मध्ये सुधारलेली. तिच्यात सिव्हिअर कुणाला म्हणायचं तर ज्याचं फुप्फुस, किडनी किंवा रक्ताभिसरण यातलं एखादं तरी ४८ तासांपेक्षा जास्त बंद पडतंय किंवा नीट चालत नाही त्याला. सीटीत पाणी दिसतंय, नेक्रोसिस दिसतोय, पण अवयव चालू आहेत, किंवा बिघडून ४८ तासांच्या आत सावरलेत, तर तो मॉडरेटली सिव्हिअर. आणि दोन्ही नसलं तर माइल्ड. माझा ऑक्सिजन कमी झाला होता पण एका दिवसात सावरला, लघवी चालू, बीपी चांगलं, म्हणून मी मधल्या गटात. डॉक्टरांचं वाक्य असं होतं की सीटीचा मार्क स्वादुपिंडाचा असतो, पेशंटचा मार्क खाटेपाशी उभं राहून काढावा लागतो.

पुण्याला हलवायचं रद्द झालं. बायको परत वही घेऊन बसली.

याच्या उलट काय असतं ते मी शेजारच्या खाटेवर बघितलं. एक तरुण मुलगा होता, त्याला पहिल्याच दिवशी दुसरीकडं सीटी झाला होता आणि रिपोर्टमध्ये सौम्य सूज एवढंच होतं. आमच्याकडं आणला तेव्हा त्याची लघवी जवळजवळ थांबलेली आणि श्वास लागलेला. क्रिएटिनिन इतकं वर गेलेलं की कॉन्ट्रास्ट, म्हणजे ते शिरेतून सोडायचं आयोडिनचं औषध, द्यायला डॉक्टर तयार नव्हते, म्हणून साधा सीटी केला. साध्या सीटीत पाणी किती आहे, हवेचे बुडबुडे आहेत का एवढं कळतं, पण मेलेला भाग किती ते कळत नाही, कारण औषधच नाही तर उजळणार काय. त्याचा आजार त्या दिवशी खऱ्या अर्थानं सिव्हिअर होता आणि ते सांगायला कुठलाच सीटी लागला नाही, डायलिसिसचं मशीन खाटेला लागलेलं होतं. त्याच्या आईला पहिला रिपोर्ट हातात धरून हे परत परत विचारताना मी ऐकलंय की यात तर सौम्य लिहिलंय ना मग असं कसं झालं. त्या बाईंना पहिल्या दिवशीच कुणीतरी शांतपणे सांगायला पाहिजे होतं की पहिल्या दिवसाचा सीटी पुढचं सांगत नाही. महिन्याभरानं तो मुलगा घरी गेला, एवढं मला कळलं.

मग माझ्या सीटीचा उपयोग काय झाला? झाला, आणि बराच झाला. नेक्रोसिस आहे हे कळल्यामुळं लवकर घरी सोडणार नाहीत हे ठरलं. तोंडानं खाल्लं की उलटी होत होती, तर नाकातून बारीक नळी आतड्यापर्यंत घालून दूध-प्रोटीनचं फीड सुरू केलं. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून दिवसेंदिवस उपाशी ठेवायचे, आता तसं करत नाहीत, आतडं रिकामं राहिलं तर त्यातले जंतू बाहेर पडून मेलेल्या भागात जाण्याची भीती जास्त. अँटिबायोटिक दिलं नाही. यावर पण घरी चर्चा झाली की ताप आहे आणि अँटिबायोटिक नाही म्हणजे काय. डॉक्टर म्हणाले हा ताप सुजेचा आहे, आत हवा नाही, इन्फेक्शनचा पुरावा नाही, आधीच देऊन ठेवल्यानं इन्फेक्शन टळत नाही. साचलेल्या पाण्यात सुई पण घातली नाही. विनाकारण सुई घातली तर स्वच्छ पाण्यात जंतू जातात. पहिल्या चार आठवड्यांत त्या पाण्याला भिंत नसते, चार आठवड्यांनंतर त्याभोवती कवच तयार होतं, आणि काढायची वेळ आलीच तर तोपर्यंत थांबलेलं बरं. पूर्वी लवकर पोट उघडून मेलेला भाग काढायचे. नेदरलँड्समधला २०१० चा अभ्यास आला त्यात आधी नळी घालून बघणं आणि लागलं तरच पुढं छोटी शस्त्रक्रिया, ही पायरी पायरीची पद्धत जास्त चांगली ठरली, तेव्हापासून घाई करत नाहीत.

त्यानंतर मी मधेच विचारलं होतं की आता परत सीटी करून बघू या का पाणी कमी झालं का ते. नाही म्हणाले. ताप परत चढला, दुखणं वाढलं, हिमोग्लोबिन अचानक उतरलं, जेवण जाईना असं झालं, तरच. उगीच दर आठवड्याला नाही, एका पोटाच्या सीटीत छातीच्या एक्सरेच्या कितीतरी पट किरण जातात. हिमोग्लोबिन उतरण्याचं कारण विचारलं तर सांगितलं की आजूबाजूची रक्तवाहिनी कमकुवत होऊन तिला फुगा येऊ शकतो आणि तो फुटू शकतो, तसा संशय आला तर मध्यरात्री पण सीटी करतो. ते ऐकून मी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट रोज मागून घ्यायला लागलो.

ताप पुढच्या आठवड्यात उतरला. नळी निघाली, मऊ भात, मग भाकरी कुस्करून. घरी आलो तेव्हा वजन नऊ किलो उतरलेलं.

दुसरा सीटी घरी आल्यावर बऱ्याच आठवड्यांनी झाला, पित्ताशय काढायचं ऑपरेशन कधी करायचं ते ठरवायला. हा पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. खड्यांमुळं झालेला आजार सौम्य असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये पित्ताशय काढून टाकतात, कारण ते ठेवलं तर परत होण्याचा धोका, पण पाणी साचलेलं असेल तर ते जिरेपर्यंत किंवा त्याला कवच येईपर्यंत थांबतात. त्या सीटीत किडनीच्या पुढचं पाणी पूर्ण गेलेलं होतं आणि जठराच्या मागचं लिंबाएवढं राहिलेलं, कवचासकट. रिपोर्टमध्ये वॉल्ड ऑफ नेक्रोसिस असं लिहिलेलं, ते पण वाचून घाबरायला होतं, पण डॉक्टर म्हणाले त्रास देत नसेल तर त्याला हात लावायचा नाही. आत नुसतं पाणी आहे की मेलेले तुकडे पण आहेत हे सीटीत चांगलं कळत नाही, ते एमआरआयमध्ये किंवा दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीत कळतं, काढायचंच असतं तर ते केलं असतं. दुर्बिणीनं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याला काही अडचण आली नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. सीटीची सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर आणि रिपोर्टवर राहू नका. दुसऱ्या सीटीच्या वेळी मॅडमनी जुनी सीडी लावून दोन्ही शेजारी शेजारी बघितले तेव्हाच त्यांना सांगता आलं की किती कमी झालं. आणि रिपोर्टच्या खालच्या ओळीवर जाऊ नका, वरचा मजकूर वाचून डॉक्टरांना सरळ विचारा: मेलेला भाग किती टक्के, तो डोक्याकडं आहे की शेपटीकडं, पाणी किती ठिकाणी, आत हवा आहे का, शिरेत गुठळी आहे का, पित्तनळीत खडा आहे का. आणि त्याच वेळी हे पण विचारा की आज किडनी, श्वास आणि बीपी कसं आहे. या प्रश्नांना डॉक्टर उत्तर देतात, मला तरी कुणी टाळलं नाही. दहापैकी किती असं विचारलं की मात्र समोरून पण नुसता आकडाच मिळतो.

सध्या मी दुकानात पूर्वीसारखा बसतो. तेलकट बंद आहे, एकादशी आता फक्त फराळाला वरी-भगर खाऊन करतो, पूर्ण उपास नाही. शेपटीकडचा भाग गेल्यामुळं शुगर वाढू शकते हे सांगितलेलं आहे, इन्सुलिन करणाऱ्या पेशी तिकडं जास्त असतात, म्हणून दर तीन महिन्यांनी शुगर बघतो, मागच्या वेळी काठावर आली. शौचाला तेलकट आणि चिकट होत असेल तर लगेच कळवा असं सांगितलंय, मग पचनाच्या कॅप्सूल सुरू कराव्या लागतात, अजून तरी ती वेळ आलेली नाही. पुढची तपासणी दिवाळी झाल्यावर आहे, त्यात सोनोग्राफी आणि रक्त, सीटी नाही.